बांधावर बसणाऱ्या मुलांसाठी

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत ढाली आणि बक्षिसं मिळवणाऱ्यांबद्दल बरेच जण लिहितील, आणि लिहायलाच हवं, पण मला लिहायचंय ते मैदानाच्या कडेला बांधावर बसणाऱ्या मुलांबद्दल. कारण मी त्यातलीच एक होते आणि मला तिथून उठवून आत घेणारी माणसं मला याच शाळेत भेटली.

मी देवबागची. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखाली आमची घरं. वाडीतल्या प्राथमिक शाळेत आम्ही मूठभर पोरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली नाहीतर शेजारची, आणि 1994 च्या जूनमध्ये तिथून एकदम एसटीने मालवणला पाचवीत आले तर वर्ग नुसता खचाखच भरलेला, त्यात ओळखीचं एकच तोंड, शेजारच्या घरातली माझी मैत्रीण. घरी मी सगळ्यांशी बोलायचे, आजीशी तर तावातावाने भांडायचे, पण शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायला सुद्धा आवाज फुटायचा नाही. आई पालकसभेला आली की बाईंना आधीच सांगून टाकायची, "आमचा चेडू बोलणा नाय हो कोणाशी, तेका खेळात वगैरे नको घेव, ता रडात." मायेपोटीच सांगायची, पण मी बाजूला उभी राहून ऐकत असायचे आणि दरवेळी मला वाटायचं की हो, मी अशीच आहे, आता हे ठरलंच. आज आई झाल्यावर कळतं की मुलासमोर 'तो लाजाळू आहे' असं पाहुण्यांना सांगणं किती जड पडतं त्याला, त्याच्यावर शिक्काच बसतो, आणि मग तो शिक्का पुसायचं काम त्या लहान जिवालाच करावं लागतं.

पीटीचे सर घाटावरचे होते. आवाज मोठा, पण मुलांशी बोलताना खाली वाकून बोलायचे, हे मला आजही स्पष्ट आठवतं. पीटीच्या तासाला मी बांधावर बसून असायचे आणि ते महिनाभर मला काहीच बोलले नाहीत. 'चल ऊठ, लाजतेस काय' नाही, 'बाकीच्या बघ कशा खेळतायत' तर अजिबात नाही. मग एक दिवस खो-खोचं मैदान आखायचं होतं तेव्हा फक्कीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी दोरी धरतो, तू मागनं फक्की सोडत ये, रेघ जाड नको." बस्स, एवढंच. दोन खांबांमधली पट्टी, त्यातले आठ चौकोन, सगळं आखून झालं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पांढरे आणि मैदानातल्या मुली माझ्या आखलेल्या चौकोनात बसलेल्या. त्या दिवशी माझ्याशी कोणीही फारसं बोललं नाही आणि तरीही मी त्या खेळात होते, एवढं मात्र मला कळलं.

त्यानंतर स्टॉपवॉच आलं, आणि एक चौकटींची वही. कोण बाद झालं, किती वेळ पळून बाद झालं, कोणी मारलं, म्हणजे हात लावून बाद केलं, सूर मारून की खांबावर की नुसता पाठलाग करून, हे सगळं लिहायचं. खो-खो ज्यांनी नीट बघितलाय त्यांना माहितीये की पळणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात, तिघी बाद झाल्या की लगेच पुढच्या तिघी, आणि मारणाऱ्या बाजूच्या आठ जणी चौकोनात एकआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसलेल्या असतात, नववी पाठलागावर. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, म्हणून तर तिला खो द्यावा लागतो. हे सगळं मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही, वही लिहिता लिहिता कळत गेलं. थोड्या दिवसांनी सरांनी वही मागितली आणि शेजारी बसून विचारलं, तुला काय दिसतंय यात. मी बोलले नाही, बोट ठेवून दाखवलं, की आपल्या मुली खांबाजवळ खो उशिरा देतात आणि समोरची तिथेच निसटते. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी सरावात तेच सांगितलं, माझं नाव न घेता. नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं असतं आणि मी दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहिले असते, हे त्या माणसाला कसं कळलं कोण जाणे.

आमच्याकडे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, दोरीने किनाऱ्यावर ओढतात तेव्हा किनाऱ्यावर आलेल्या कोणालाही विचारत नाहीत की तुला येतं का, जमेल का, तू बुजरा आहेस का. दोरीला हात लाव म्हणतात, तू ओढायला लागतोस आणि मासळी आली की तुझ्याही पदरात थोडी पडते. सरांनी माझ्या बाबतीत नेमकं तेच केलं असं मला वाटतं, आधी दोरी हातात दिली.

आत खेळायला सुद्धा त्यांनी एकदम नाही घेतलं. आधी शनिवारी सकाळी, जेव्हा मैदानाभोवती बघे नसायचे, तेव्हा तीन जणींच्या तुकडीत तिसरी म्हणून, आणि पहिल्या दोघींपैकी एक ती देवबागचीच मैत्रीण. ओळखीचं एक माणूस सोबत असलं की बुजऱ्या मुलाचं अर्धं ओझं उतरतं, हे मी पुढे स्वतःच्या मुलीच्या बाबतीतही बघितलं. पळायला मला अडचण नव्हती, वाळूत पळून मोठी झालेली पोर मी, आणि तांबड्या मातीत पाय असा पकडला जायचा की मजा यायची. अडचण होती ती मारायला बसल्यावर. खो द्यायचा म्हणजे बसलेल्या मुलीच्या मागून हात लावायचा आणि त्याच वेळी 'खो' असं मोठ्याने म्हणायचं, पंचांना ऐकू गेलं पाहिजे, नुसता हात लावून चालत नाही. आणि माझा आवाज तर निघत नव्हता. मी हात लावायचे, ओठ हलायचे, समोरची मुलगी बसूनच राहायची.

तेव्हा पावसाळा होता. ज्यांनी मालवणचा जुलै काढलाय त्यांना सांगायला नको. मैदानात तळं झालेलं म्हणून सराव मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. सरांनी आम्हाला ओळीने बसवलं आणि जवळ येऊन अक्षरशः ओरडून सांगितलं, "आज कोण किती ओरडतंय ते कुणालाच ऐकू जाणार नाही, तेव्हा पाहिजे तेवढं ओरडा!" मी त्या पावसात ओरडले. माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता आणि म्हणून तो निघाला, पुढची मुलगी हाताच्या स्पर्शावर उठून पळाली, परत माझी पाळी आली, परत ओरडले. पाऊस कमी झाला तेव्हा सुद्धा मी ओरडतच होते आणि ते माझ्या लक्षात यायच्या आधी बाकीच्यांच्या लक्षात आलं, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सरांनी डोळ्यांनीच सगळ्यांना गप्प ठेवलं असणार. आवाज फुटला म्हणून जर तिथे कौतुकसोहळा झाला असता तर तो पुन्हा आत गेला असता, याची मला खात्री आहे.

सातवीत मी 14 वर्षांखालच्या संघात होते. तालुक्याला जिंकलो, जिल्ह्याला हरलो. त्याबद्दल फार लिहित नाही, आमच्या संघाची कर्णधार बहुतेक याच स्मरणिकेत लिहिणार आहे आणि तिला ते सामने माझ्यापेक्षा नीट आठवतात.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून राहून जाईल म्हणून सांगते. आमच्यासारख्या लांबून येणाऱ्या मुलींसाठी लाजण्यापेक्षाही मोठा अडसर होता तो एसटीचा. संध्याकाळच्या सरावाला थांबलं की नेहमीची गाडी चुकायची, मग पुढच्या गाडीने घरी जायला अंधार, आणि घरून नकार. सरांनी देवबाग-तारकर्लीच्या मुलींचा सराव सकाळी शाळा भरायच्या आधी ठेवला, त्यासाठी स्वतः लवकर यायचे. कधीकधी आपण म्हणतो अमका मुलगा कशात भाग घेत नाही, घुमा आहे, आणि खरं कारण असतं परतीची गाडी किंवा बूट नसणं किंवा गणवेशाच्या स्कर्टवर पळायची लाज वाटणं. मुलं ही कारणं स्वतःहून सांगत नाहीत, बुजरी मुलं तर नाहीच नाही. विचारावं लागतं, तेही एकटं असताना.

आणि सगळ्यांनी मैदानातच यायला पाहिजे असंही नाही. आमच्या वर्गात एक मुलगा होता, काडीसारखा बारीक, चेंडू दिसला की बाजूला सरकायचा. त्याला सायन्सच्या बाईंनी शाळेच्या रोपवाटिकेत घेतलं. पिशव्यात माती भरायची, काजूच्या बिया लावायच्या, पाणी घालायचं, म्हणजे बोलावं लागेल असं काम नाही पण पाच-सहा जणांनी मिळून करायचं काम. नंतर गॅदरिंगला तो पडदा ओढायला होता, मग दशावताराच्या प्रवेशात पेटीवर, घरी भजनात वाजवायचाच. स्टेजच्या कडेला पेटीमागे बसायला मिळालं, त्यामुळे त्याला लोकांसमोर असूनही लोकांकडे बघावं लागत नव्हतं. गाईडच्या पथकात माझ्यासारख्याच दोघी-तिघी होत्या, त्यांना गाठी मारायला आवडायचं, रीफ नॉट, खुंटीगाठ, हाताला काम असलं की तोंड आपोआप सुटतं. मला तर वाटतं बुजऱ्या मुलाला क्लब निवडताना हेच बघावं, की तिथे हाताला काम आहे का, गट लहान आहे का, आणि पहिल्याच दिवशी उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला लावतात का. लावत असतील तर आधी जाऊन शिकवणाऱ्यांशी बोलून घ्यावं.

आता मी कुडाळला असते, माझी मुलगी सहावीत. ती माझ्यासारखीच आहे, माझ्या आईने जे सांगितलं असतं ते मी कोणालाही सांगत नाही एवढाच फरक. तिला बॅडमिंटन, चित्रकला आणि बुद्धिबळ यातून तिनेच निवडायला लावलं, तिने बॅडमिंटन घेतलं. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रिकामा हॉल दाखवून आणला, बाथरूम कुठे, चपला कुठे काढायच्या, पाणी कुठे, हे सगळं आधी बघितलं की दुसऱ्या दिवशी नवीन फक्त माणसं उरतात. सरांनी तिला काही विचारलं आणि ती गप्प राहिली तर मी तिच्या वतीने उत्तर देत नाही, थांबते, फार अवघड जातं ते थांबणं पण थांबते. सुरुवातीला मी हॉलमध्ये बसायचे, मग दाराशी, मग गाडीत. आणि ठरलेलं होतं की महिनाभर जायचं, त्यानंतर नको वाटलं तर सोडायचं, रडारड नाही, टोमणे नाहीत. तिने सोडलं नाही, पण सोडलं असतं तरी मी शब्द पाळला असता.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा आम्ही दोघींनी मिळून बघितला. महिलांच्या फायनलला आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. मॅटवर, लाइटात, बूट घालून चाललेला खो-खो बघून मला भरून आलं. मुलगी एकदम म्हणाली, आई तू पण अशी ओरडायचीस? मी म्हटलं हो. तिला खरं वाटेना.

पालकांसाठी एक गोष्ट गंभीरपणे. लाजाळूपणा हा आजार नाही, काही मुलं स्वभावानेच हळू मिसळतात आणि मिसळली की घट्ट मिसळतात. पण घरी चुरूचुरू बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एकही शब्द बोलत नसेल, किंवा शाळेत जायच्या भीतीने रोज पोटात दुखत असेल, झोप लागत नसेल, तर त्याला 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून सोडू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांच्याकडून समुपदेशकाकडे जाता येतं. त्यावर उपाय आहेत आणि लवकर गेलं तर जास्त उपयोग होतो.

सर आता निवृत्त होऊन गावी असतात, फोनवर बोलणं होतं.

शाळेला माझी एक विनंती आहे आणि ती छापून यावी म्हणूनच खरं तर एवढं लिहिलं. दरवर्षी जूनमध्ये पाचवीच्या वर्गात खेळ आणि उपक्रमांचा फॉर्म फिरतो, त्यात खेळाडू, गायन, नाट्य, स्काऊट-गाईड असे रकाने असतात. त्यात यंदापासून 'मदतनीस' असा एक रकाना वाढवावा, मैदान आखणं, वेळ धरणं, गुण लिहिणं, पडदा, रोपवाटिका, काहीही, आणि ज्या मुलाने एकाही रकान्यात खूण केली नसेल त्याला वर्गात उभं न करता वर्गशिक्षकांनी मधल्या सुट्टीत एकट्याला विचारावं. फॉर्म छापायचा खर्च आमची बॅच करेल. लांबच्या वाड्यांमधल्या मुलांसाठी सकाळचा सराव पुन्हा सुरू होणार असेल तर आम्हा खो-खोच्या जुन्या मुलींपैकी तिघी-चौघी अजून मालवणातच आहेत, शनिवारी सकाळी मैदानात यायला त्यांनी होकार दिलाय.