बाबांच्या एका प्रश्नावर मी इतका काऊन चिडायचो

नागपूरच्या मिहानमधून, कामावरून घरी पोचलो की बाबा दार उघडतानाच विचारायचे, "उशीर झाला काऊन रे आज?" आणि माझं डोकं असं सणकायचं की चपला काढायच्या आधीच मी काहीतरी तोडून बोललेला असायचो, मग रात्रभर कूलरचा आवाज ऐकत पडायचं आणि स्वतःलाच विचारायचं की मी असा काऊन वागतो. मला वाटायचं हेच आत्मपरीक्षण. नव्हतं ते. त्या 'काऊन'मधून फक्त जुनी भांडणं वर यायची.

एप्रिलमध्ये शेवटी धरमपेठेत एका समुपदेशक मॅडमकडे गेलो. त्यांनी वहीच्या पानावर तीन रकाने पाडायला सांगितले, घटना, समजूत, परिणाम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं १९५५ च्या सुमारास सुरू केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली ही मांडणी. म्हणणं असं की घटना थेट राग आणत नाही, मधात आपण स्वतःशी जे बोलतो ते आणतं.

पहिला आणि तिसरा रकाना सोपा. बाबांनी विचारलं. राग, शंभरात ८५, जबडा आवळलेला. मधला मात्र दोन आठवडे चुकीचाच भरून राहिलो होतो मी. "बाबा नेहमी टोकतात" लिहायचो, तर मॅडम म्हणाल्या ही तक्रार झाली, त्या क्षणाला तुम्ही स्वतःला काय म्हणालात ते लिहा, आणि ताजं असतानाच लिहा, पंधरा मिनिटं, मग वही बंद.

म्हणून घरात शिरलो की वही घेऊन सरळ गच्चीवर. मे महिन्यात रात्री आठलाही स्लॅब तापलेलाच असतो, तिथं उभ्याउभ्या एक दिवस लिहून गेलो, "मी चौतीस वर्षांचा झालो तरी यांचा माझ्यावर भरवसा नाही. यांनी मला विचारूच नये." आणि पेन थांबला. पहिलं वाक्य बाबा आयुष्यात कधी बोलले नव्हते, ते माझंच होतं. दुसरा तर सरळ हुकूम, आणि एलिसचा सगळा भर याच 'असंच व्हायला पाहिजे' वाल्या हट्टावर आहे.

खाली येऊन बाबांना विचारलं, तुम्ही रोज उशिराचं काऊन विचारता?

"ताक फ्रिजमधून काढून ठेवतो ना मी तुझ्यासाठी. गरमीतून आल्यावर एकदम थंड नाही प्यावं. किती वाजता काढायचं ते समजत नाही मले."

त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात मी राग खोडून लाज लिहिलं, आकडा नाही टाकला. आता मिहानमधून निघताना बाबांना फोन करतो.