छाट आणि पारख

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या उपासनेच्या, आदल्या शनिवारी संध्याकाळी मी चर्चमध्येच बसलेला असतो. ज्याला मन मोकळं करायचं असेल तो येतो. निपाणीकडच्या आमच्या लहानशा मंडळीत त्या दिवशी एकच जण आला. बिड्या तपासणारा चेकर, बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झालेली. बसायच्या आधीच म्हणाला, "पास्टर, उद्या मी भाकर घेणार नाही. माझं मन काय बदललं नाही बघा."

दारू सुटली होती, शिव्या सुटल्या होत्या, उपासना चुकत नव्हती. अडत होतं ते कामावर. बायका घरी पान भिजवून, कापून, जर्दा भरून, वळून, दोरा बांधून बिड्या आणतात. हा जुडी सोडतो आणि एकेक बिडी बोटांत दाबून बघतो: सैल आहे का, पान फाटलंय का, तोंड नीट मुडपलंय का. नापास झाली ती छाट, तिची मजुरी नाही. हा चांगल्या बिड्याही छाटीत टाकायचा आणि त्या मागून मालात मिसळायच्या. "ठरवून करत नाही वो. हातच जातो."

त्याच्या बायकोचं माहेर कन्नड, घरात कन्नड बायबल. त्यात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात १२:२ मध्ये 'नूतन मनस्सु' असे शब्द आहेत. त्यावरून याने धरलेलं की नवं मन एकदाच, अख्खंच्या अख्खं मिळतं. आपल्याला ते मिळालं नाही, म्हणजे आपला बाप्तिस्माच खोटा.

इथेच पुष्कळ जण अडकतात. मराठीत 'मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या' असं आहे, आणि त्यातलं 'होऊ द्या' फार नेमकं आहे. मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, शिवाय चालू काळातलं. बदलणारा देव आहे, आपण त्याला आड येत नाही, आणि हे रोज चालतं. इफिसकरांस ४:२२-२४ मध्येही तसंच. जुना मनुष्य काढून टाकणं आणि नवा धारण करणं, ही दोन क्रियापदं एकदाच घडणाऱ्या कृतीच्या रूपात आहेत. मधलं 'नवे होत जाणे' मात्र चालू रूपात. अंगरखा एका दिवसात बदलतो, तो अंगाला बसायला वेळ लागतो. आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या, पुढे मराठी ख्रिस्ती लेखक म्हणून गाजलेल्या बाबा पदमनजींचं उदाहरण मी अशा वेळी देतो. मिशन शाळेत शिकले, मुंबईत जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत वावरले, कित्येक वर्षं वाचत, वाद घालत, विचार करत राहिले, आणि मग १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. एका रात्रीत काही झालं नाही.

पण या माणसाला खरं लागलं ते वचनाचं पुढचं अर्धं. मन नवं कशासाठी व्हायचं? देवाची इच्छा काय ते पारखता यावं म्हणून. तिथला ग्रीक शब्द 'दोकिमाझेइन'; धातू खरा की खोटा हे तपासण्यासाठी वापरला जाणारा. आणि त्याच पत्रात १:२८ मध्ये पौल 'अदोकिमॉस' मनाबद्दल बोलतो, म्हणजे तपासणीत नापास झालेलं मन. मी म्हटलं, "तुझ्या भाषेत छाट मन." तो गप्प झाला. दिवसभर दुसऱ्यांचा माल पारखणाऱ्याची पारखच छाटीत निघाली होती.

मग आम्ही वही काढली. पहिलं काम: हात जातो त्या क्षणी मन काय म्हणतं ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं. 'लोभ', 'पाप' असे मोठे शब्द लिहिले की काम फसतं, कारण खरं वाक्य त्यांच्या मागे लपतं. अर्ध्या तासाने त्याने लिहिलं: 'सगळेच काढतात, आणि ह्या बायकांना काय कळतंय.' पहिलं अर्धं जगाचा साचा, वचन म्हणतं 'या युगाबरोबर समरूप होऊ नका' तो हाच. दुसरं अर्धं त्याचं स्वतःचं.

दुसरं काम, त्या वाक्यासमोर वचन ठेवायचं, आणि ते त्याच मुद्द्याला भिडणारं हवं. फिलिप्पैकरांस ४:८ लोक कशालाही लावतात, जणू चांगलं-चांगलं चिंतलं की झालं. इथे याकोब ५:४ लागतं: अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं. म्हणजे बायकांना कळो न कळो, ऐकणारा ऐकतोय.

तिसरं, रिकामी जागा भरायची. नुसतं 'आता काढणार नाही' म्हणणं टिकत नाही. मत्तय १२:४३-४५ मधलं झाडून ठेवलेलं रिकामं घर आठवावं, तिथे बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा स्वतःपेक्षा वाईट आणखी सात जणांना घेऊन राहायला येतो. इफिसकरांस ४:२८ चोराला फक्त 'चोरू नको' म्हणून सोडत नाही. हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं सांगतं. जे हात काढत होते तेच द्यायला लागले पाहिजेत.

आणि हे एकट्याने होत नाही. रोमकरांस १२:१-२ मधला उपदेश अनेकवचनी आहे, लगेच पुढे एका शरीराची गोष्ट येते. म्हणून दर बुधवारी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याला ती वही दाखवायची असं ठरलं.

जायच्या आधी तो म्हणाला, "जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत दिलं. मी कुणाकुणाचं देणं लागतो, ते तरी लिहितो." वहीचं नवं पान उघडलं. अकरा नावं भराभर लिहिली, मावशी, अक्का, कुणाची सून असं करत. बाराव्या ओळीवर पेन थांबलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात बसते, हिरवी पिशवी आणते, डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत, सगळं त्याला आठवत होतं. चार वर्षं तिच्या बिड्या तपासल्या होत्या, नाव कधी विचारलंच नव्हतं.

ती ओळ त्याने कोरी सोडली आणि कडेला लिहिलं: सोमवारी विचारणे.