वद्य तृतीयेचा मेळावा

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्र मंडळाच्या वार्षिक मेळाव्याची तारीख कधी रविवार बघून ठरली नाही. ती पंचांगावरून ठरायची, कारण मेळावा सुरू व्हायचा तो ओहोटीला, किनाऱ्यावर. पौष नाहीतर माघ वद्य द्वितीया-तृतीया, आणि तो सोमवार निघाला तर मुंबई-पुण्याच्या मंडळींनी रजा काढायची. नव्या विद्यार्थ्यांना हा जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा हट्ट वाटे. सर मात्र पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर हिशेब मांडून मोकळे झालेले असत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे तृतीयेला दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तास मागे गेलं की सकाळी आठची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पाणी उतरतं खरं, पण ते पहाटे पाच-साडेपाचला, तेव्हा जानेवारीत हात पुढे केला तर दिसत नाही. शिवाय उधाणाचा खरा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो. उजेड आणि उधाण दोन्ही हवं असेल तर तृतीयाच धरावी लागते. अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, त्यामुळे खडपाचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाचा, खालचा पट्टा उघडा पडतच नाही. रत्नागिरीच्या मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही, पण विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या त्याच्याच मुलाला सांगावं लागायचं, याची सरांना गंमत वाटे.

कोकणकन्येने पहाटे उतरलेले माजी विद्यार्थी घरी न जाता थेट किनाऱ्यावर. सहाला जमायचं, कारण नियम असा की पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग खाली जायचं आणि पाणी फिरलं की वर यायला लागायचं. आठ वाजता पोचणाऱ्याला खालचा पट्टा जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि परतताना मागच्या घळीत पाणी भरलेलं असतं. पायात रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट. चप्पल शेवाळावर घसरते आणि अनवाणी पायाला कालवाची धार लागली की ती जखम आठवडाभर चिघळते.

नवखे विद्यार्थी दरवर्षी एकच चूक करत. सगळे धावत सरळ पाण्याच्या कडेला. सर वरच थांबलेले, कोरड्या खडकापाशी. तिथे भेगांत मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या लिटोरिना गोगलगाई बसलेल्या असतात, ज्यांना दिवसचे दिवस पाणी मिळत नाही. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेल्या, कवचाच्या बार्नॅकलचा पांढुरका पट्टा, मग कालवं, मग उल्व्हा या समुद्रशेवाळाची हिरवी पानं आणि झोअँथिड या प्रवाळाच्या नात्यातल्या प्राण्यांची बुळबुळीत चादर, आणि सगळ्यात खाली सारगॅसम शेवाळाची तपकिरी झुडपं. कोण किती वेळ उन्हात टिकतो, त्याची ही उतरंड. ती वरून खाली वाचली तरच कळते.

मोजायला चौकट असायची, अर्ध्या मीटरची. नळकामाचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो आणि दर दहा सेंटिमीटरला ओवलेला नायलॉनचा दोरा. पंचवीस घरं पडतात, म्हणजे एक घर चार टक्के. किती घरं कालवांनी भरली ते मोजून चारने गुणलं की झालं. पाइपला भोकं पाडायला विसरलं तर आत हवा राहते आणि चौकट डबक्यावर तरंगत बसते. पण खरी गडबड वेगळीच. विद्यार्थी चौकट नेहमी ‘छान’ दिसणाऱ्या जागी टाकतात, आणि मग सगळा किनारा कालवांनी भरलेला असल्याचा आकडा येतो. म्हणून दोरी वरून खालपर्यंत ताणायची आणि दर पाच मीटरला, पायाखाली काहीही असो, चौकट ठेवायची. उघडा बोडका खडक आला तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला लाजणाऱ्या तुकड्या बऱ्याच होऊन गेल्या.

उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, ही अट मात्र मोडली तर सर खरोखर रागावत. दगडाच्या पोटाखाली स्पंज, अंडी, किडे असतात. ते उन्हात तासाभरात मरतात. आणि वरचं शेवाळ खाली दाबलं गेलं की तेही जातं.

दहाच्या सुमारास मंडळी कॉलेजात. प्रयोगशाळेचे मामा तोवर टेबलं मांडून, चहाचं आधण ठेवून तयार. एकेका तुकडीकडे एकेक टेबल असे, आणि मेळाव्याची खरी मजा या टेबलांवर.

समुद्रशेवाळाच्या टेबलाला सगळ्यात गर्दी. पसरट ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घ्यायचं. नळाचं नाही, गोड्या पाण्यात तांबड्या शेवाळांचा रंग सुटून पाणी गुलाबी होतं आणि शेवाळ फिकटतं. जाड ड्रॉइंग पेपरच्या कोपऱ्यात आधी पेन्सिलीने नंबर टाकायचा, मग तो कागद पाण्याखाली सरकवायचा, वर शेवाळ सोडायचं, दाभणाने आणि मऊ ब्रशने फांद्या मोकळ्या करायच्या, आणि कागद एका बाजूने तिरका करत हळू उचलायचा. झटकन उचलला की सगळ्या फांद्या एका गठ्ठ्यात गोळा होतात. पाणी निथळलं की वर मलमलीचा तुकडा, त्यावर टीपकागद, त्यावर वर्तमानपत्र, अशी चळत दोन फळ्यांत घालायची आणि वर जांभ्याचा अर्धा चिरा. मलमल वगळली तर शेवाळ वरच्या कागदालाही तितक्याच प्रेमाने चिकटतं आणि सोडवताना फाटतं. पहिल्या दिवशी कागद दोनदा बदलायचे, मग रोज एकदा, पाच-सहा दिवस. मलमल मात्र पूर्ण सुकेपर्यंत काढायची नाही. उल्व्हा, ग्रॅसिलेरिया आपल्याच चिकाने कागदाला बसतात, डिंक लागत नाही. सारगॅसम जाड, त्याला दोऱ्याचे टाके घालावे लागतात. आपल्या हवेत कागद बदलायचा कंटाळा केला की तिसऱ्या दिवशी बुरशी, हे जानेवारीत कमी, पण होतंच.

पेन्सिलीचा आग्रह याच कारणासाठी. शाई ओल्या कागदावर पसरते आणि अल्कोहोलात विरघळते. बाटलीतल्या नमुन्याचं लेबलही पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायचं, बाहेर चिकटवायचं नाही. बाहेरचं लेबल दोन पावसाळ्यांत कसर खाते, मग आत काय आहे ते दिसतं पण कुठलं, कधीचं, ते कायमचं गेलं. ठिकाण, तारीख, किनाऱ्याचा कुठला पट्टा, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि जिवंतपणीचा रंग. रंग सगळ्यात आधी उडतो म्हणून तो आवर्जून. नाव सगळ्यात शेवटी लिहिलं तरी चालेल, असं सर म्हणत. नाव पुढच्या वर्षीसुद्धा शोधता येतं. तारीख येत नाही.

कांद्याच्या मुळातल्या पेशींची गुणसूत्रं बघायचं टेबल ही दुसरी परंपरा, आणि तिथे फजिती ठरलेली. कांदे पाच-सहा दिवस आधी ठेवावे लागत. बुडाची जुनी वाळकी मुळं खरवडायची, कांदा बाटलीच्या तोंडावर असा बसवायचा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल, पाणी रोज बदलायचं. बाजारातल्या काही कांद्यांना मुळं फुटतच नाहीत, म्हणून पाच हवे असतील तर बारा ठेवायचे. मुळं दीड-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी टोकं कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात चोवीस तास, नंतर सत्तर टक्के अल्कोहोलात. मेळाव्याच्या दिवशी उरतं ते एक नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात साठ अंशांवर आठ-दहा मिनिटं. कमी वेळ ठेवलं तर पेशी एकमेकींना सोडत नाहीत, जास्त ठेवलं तर टोक चिमट्यातच विरघळतं. मग अ‍ॅसिटोकार्मिन या रंगात बुडवायचं, शेवटचा गडद रंगलेला एक-दोन मिलिमीटरचा भाग तेवढा ठेवून बाकीचं फेकायचं, कव्हरस्लिप, वर टीपकागद आणि अंगठ्याचा सरळ खाली दाब. अंगठा तसूभर बाजूला सरकला की पेशी वळकटी होऊन जातात. स्पिरिटच्या दिव्यावर काच जास्त तापवली की रंगाचे खडे पडतात, आणि उत्साही विद्यार्थी त्या खड्यांनाच गुणसूत्रं समजून सोळा मोजून दाखवतात. कांद्याची गुणसूत्रं सोळाच, पण ती मोजता येतात फक्त विभाजनाच्या मध्यावस्थेतल्या, नीट पसरलेल्या पेशीत. अशी पेशी ज्याच्या काचेवर निघे त्याच्या मायक्रोस्कोपपुढे रांग लागे आणि बाकीचे आपली काच हळूच धुऊन टाकत.

भाट्याच्या खाडीच्या पाण्यातला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजणं हे टेबल शांत असायचं. तिथे एवढंच बघायचं की बाटलीत बुडबुडा राहता कामा नये आणि स्टार्च घाई करून घालायचा नाही. थायोसल्फेटने रंग वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा झाला की मगच.

आता स्पॉटिंगबद्दल. विद्यापीठाच्या परीक्षेत नमुना ओळखून वर्ग आणि लक्षणं लिहायची असतात. मेळाव्यात तीच परीक्षा बक्षिसासाठी, आणि माजी विद्यार्थ्यांनाही द्यावी लागे. बँकेत, शाळेत, बागायतीत रमलेली माणसं घंटा वाजली की पुन्हा घामाघूम. नुसत्या नावाला गुण नाहीत. ‘कशावरून?’ हा रकाना भरला तरच गुण. ‘नाव नंतर सांग गो, आधी पाय मोज’ हे वाक्य त्यातूनच मंडळात रुजलं. शिंपल्यांच्या रांगेत एक बार्नॅकल ठेवलेला असायचाच, आणि निम्मे तरी त्याला मृदुकाय प्राण्यांत घालत. त्यांना फार बोल लावता येत नाही; कुव्हिएसारख्या मोठ्या प्राणिशास्त्रज्ञानेही त्याला तिथेच ठेवलं होतं. 1830 मध्ये व्हॉन टॉम्पसनने त्याच्या अळ्या पाहिल्या तेव्हा तो कोलंबी-कुर्लीचा भाऊबंद निघाला. निकालानंतर बशीत ताजं समुद्राचं पाणी घेऊन बार्नॅकलचा खडा ठेवत. दोन-तीन मिनिटं कुणी हलायचं नाही, कारण सावली पडली तरी तो मिटतो. मग झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर येतात आणि पाणी ओढायला लागतात. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी पुन्हा त्याला शिंपला म्हणत नाही.

सरांच्या तासांचं गुणगान इथे थोडं आवरायला हवं. त्यांची व्याख्यानं रटाळ होती. अभ्यासक्रम बहुधा पुरा होत नसे, शेवटची दोन प्रकरणं ज्याची त्याने वाचायची. नोट्स उतरवून घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती फारसं लागत नसे, आणि जर्नलवर तांबड्या शाईत ‘प्रमाण?’ असा एकच शब्द येई. म्हणजे आकृती कितीपट मोठी काढली आहे ते लिहिलेलं नाही. गुण हात आखडून. त्यांचा तास खरा सुरू व्हायचा तो प्रॅक्टिकलला, आणि मेळावा हे त्याच प्रॅक्टिकलचं लांबलेलं रूप.

जेवणात घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भात आणि सोलकढी. कढीच्या पातेल्याजवळ आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, वाटी आणि चिमूटभर खायचा सोडा ठेवलेला असे, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. आगळात सोडा टाकला की फेस येतो आणि लाल रंग मावळून निळसर-करड्याकडे झुकतो. कोकमातलं अँथोसायनिन आम्लात लाल, अल्कात निळसर. जास्वंदीच्या पाकळीवरही असंच करून बघता येतं. पिऊन मात्र बघायचं नाही, आगळात मीठ असतं आणि सोड्याने चव पार जाते. दरवर्षी कुणीतरी पितंच.

संध्याकाळी सभागृहात जाखडी, म्हणजे शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांत रंगणारा कोकणातला नाच. वनस्पतीवाले शक्तीकडे, प्राणीवाले तुऱ्याकडे, आणि सवाल-जवाब. जमिनीतून वर डोकं काढून श्वास घेणारं मूळ कुणाचं? तिवराचं. आईच्या अंगावरच रुजणारं बी? कांदळाचं. चिखलावर उड्या मारणारा मासा? निवटी. सवाल सोपे, पण जवाब चालीत बसवून आणि शास्त्रीय कारणासकट द्यायचा असल्याने ढोलकी बरीच वाट बघे.

सर निवृत्त झाले, मेळावा चालू राहिला, पण टेबलं बदलली. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनच्या बाटल्या जवळजवळ गेल्या. पूर्वी बाजारातल्या चाळीस टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण बादलीभर होत असे, आणि त्यात बोरॅक्स घालायचं राहिलं की आम्लाने शंखांचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत व्हायचा. डोळे चुरचुरायचे ते वेगळंच. 2001 साली प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंख वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात आले, तेव्हापासून ते उचलणं संपलं. जुने नमुने कपाटात कुलपाआड. पुढे पदवी वर्गातलं विच्छेदनही थांबलं. ते टेबल गेल्याचं दुःख करणारे थोडे आहेत, पण कोलंबीची चेतासंस्था सोडवायला लागणारा हात कागदावरच्या आकृतीतून येत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

बाटल्यांच्या जागी आता मोबाइलचे फोटो. त्यांनाही जुनाच नियम लावला आहे. प्राण्याशेजारी मोजपट्टी, ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं. त्याचा व्यास 27 मिलिमीटर. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि शंख-कालवं असतील तर तोंडाच्या बाजूने एक, कारण ओळख तिथेच असते. फोटो पाठवताना ठिकाण, वेळ आणि पट्टा लिहायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत तारीख-ठिकाणाची नोंद राहत नाही, म्हणून मूळ फाइल द्यायची. नसेल तर मेळाव्यात फोटो लावतात त्या भिंतीवर त्याला जागा नाही, मग समुद्रगोगलगाय कितीही सुंदर आलेली असो. यावरून दरवर्षी थोडं भांडण होतं, आणि बहुतेक वेळा फोटो उतरवला जातो.