तहान

२०१९ चा उन्हाळा नगर जिल्ह्याला कसा गेला ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आदल्या ऑक्टोबरातच दुष्काळ जाहीर झालेला, गावोगाव टँकर. आमच्या रुग्णालयालाही टँकर लागायचा. डायलिसिसला पाणी किती लागतं हे बाहेर कुणाला खरं वाटत नाही. मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने चार तासांत एका पेशंटच्या फिल्टरमधून १२० लिटर शुद्ध पाणी जातं. ते शुद्ध करताना आरओ प्लँट जवळपास तेवढंच आणखी टाकून देतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला दिवसाला अर्धा लिटर प्यायला मिळतं, चहा-आमटी धरून. गेली बारा वर्षं मी डायलिसिस टेक्निशियन आहे, तरी या गोष्टीची सवय झालेली नाही.

१९ एप्रिल, उत्तम शुक्रवार. सुट्टी मी मागितलीच नव्हती. उलट दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली. दीड वर्षापूर्वी आमची मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत राहून गेली. तेव्हापासून मी उपासनेला जात नव्हतो. माझं देवाशी जेवढं बिनसलं होतं त्याहून जास्त मंडळीतल्या लोकांशी. जो भेटेल तो म्हणे, देवाची योजना असते. एकाने तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, प्रभूला फुलं आवडतात, तो कळ्याही खुडतो. मी गप्प राहिलो, पण त्या माणसाच्या शेजारी पुन्हा बाकावर बसणं मला जमलं नाही. बायको जायची. येताना माझ्या वाटणीचा केक रुमालात बांधून आणायची.

त्या दिवशी दुपारच्या पाळीला चार पेशंट होते. त्यातल्या एक बाई. म्हणजे खरोखरच्या बाई, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय बहात्तर. निम्मं नगर त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सर्जनसुद्धा त्यांच्यासमोर पाठ ताठ करून उभा राहायचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रिक्षा करून एकट्या यायच्या. उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला पाचवा, ‘मला तहान लागली आहे’, कित्येक वर्षं बाईंकडे होता. यंदा नेमकी पाळी आडवी आली.

“पाळकसाहेब म्हणाले, शनिवारी करून घ्या डायलिसिस,” वजनकाट्यावर चढत त्या म्हणाल्या. “म्हटलं, शनिवारपर्यंत माझं फुफ्फुस थांबायला तयार नाही.”

वजन दोन किलो सातशे ग्रॅम वाढलेलं. म्हणजे तीन दिवसांत पावणेतीन लिटर पाणी अंगात साठलं. मी नुसतं बघितलं.

“असा बघू नकोस. जीभ टाळ्याला चिकटते, कळतं का तुला?”

हातावरच्या फिस्टुल्याला, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडलेल्या शिरेला, बोट लावलं. आत रक्त थरथरत होतं, मांजर गुरगुरल्यासारखं. दोन सुया टोचल्या आणि साडेबाराला मशीन सुरू केलं. बाहेर निवडणुकीच्या प्रचाराची रिक्षा ओरडत गेली. मंगळवारी मतदान होतं.

अडीचच्या सुमाराला लाइट गेली.

लाइट जाणं नवीन नाही. दहा सेकंदांत जनरेटर धडधडतो, मशीनवरचे आकडे परत येतात. त्या दिवशी धडधड आलीच नाही. आमच्या हॉलला खिडकी नाही, त्यामुळे भरदुपारी काळोख झाला, नुसते अलार्म ओरडत होते. दोन मशीनच्या बॅटऱ्या चालत होत्या. दोनांच्या बदलायला झाल्या होत्या आणि तसा अर्ज फायलीत पडून होता. त्या दोनांपैकी एक बाईंचं.

पंप थांबला की अंगाबाहेरचं रक्त नळ्यांत आणि फिल्टरमध्ये उभं राहतं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन दिलेलं असलं तरी काही मिनिटांत ते गोठायला लागतं, आणि गोठलं की ते पेशंटला परत देता येत नाही. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे धावली. मी मोबाइलचा टॉर्च दातात धरला, बाईंची परतीची नळी क्लॅम्पमधून सोडवली, पंपाचं झाकण उघडून हँडल काढलं आणि बाणाच्या दिशेने फिरवायला लागलो. हे काम दिसतं सोपं. पण वीज नसली की हवा पकडणारा अलार्मही मेलेला असतो. हवेचा बुडबुडा नळीतून पेशंटच्या अंगात गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून हात एका लयीत ठेवायचा आणि डोळा नळीवरून हलवायचा नाही.

त्या नळ्यांत साधारण दोनशे मिलिलिटर रक्त असतं. मला तो आकडा पाठ आहे. माझ्या मुलीचं वजन नऊशे ग्रॅम होतं. तिच्या अख्ख्या अंगात मिळून याच्या निम्मंही रक्त नव्हतं. हँडल फिरवताना डोक्यात हेच का आलं, सांगता येणार नाही.

“किती वाजले?” बाईंनी विचारलं.

“पावणेतीन होत आलेत.”

“म्हणजे अंधार वेळेवरच आलाय,” त्या म्हणाल्या. सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला, ते शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, ख्रिस्त क्रुसावर असतानाचं. मला त्याही स्थितीत हसू आलं आणि टॉर्च पडता पडता वाचला.

मग त्या बोलू लागल्या. मला वाटलं तेविसावं स्तोत्र म्हणतील, मेंढपाळाचं. आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी तेच म्हणतात. पण त्यांनी चक्क भांडण काढलं. “प्रभू, मी कंटाळले. मला पोटभर पाणी पाहिजे. पन्नास वर्षं पोरांना तुझं नाव शिकवलं आणि तू मला चमच्याने पाणी पाजतोस. आता या पोराच्या हातात दिलंयस, तर त्याचा हात तरी थकू देऊ नकोस.” आमेन नाही, काही नाही. शाळेत एखाद्याला फैलावर घ्यावं तसा आवाज.

“बाई, देवाला असं बोलतात?” टॉर्च दातात असल्याने माझे शब्द चावल्यासारखे आले.

“मग कुणाला बोलू, महावितरणला?”

आणि तिथेच, अंधारात, त्यांनी पाचव्या उद्गाराऐवजी चौथा घेतला. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणाल्या, हे ख्रिस्ताचे स्वतःचे शब्द नाहीत, बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरतानासुद्धा त्याने तक्रारीचंच स्तोत्र काढलं. अठ्ठ्याऐंशीवं वाच, ते तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही, तरी कुणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. त्यांची आजी १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला पंडिता रमाबाईंकडे आलेली पोर. रमाबाईंची एकुलती मनोरमा १९२१ मध्ये गेली. शास्त्राचं मराठी भाषांतर तेव्हा हातातच होतं, ते त्यांनी पुरं केलं आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. “त्या वर्षी रमाबाई देवाशी काय बोलल्या असतील, ते आजीला ठाऊक नव्हतं. पण बोलणं बंद केलं नव्हतं, एवढं ती सांगायची.” थोडं थांबून म्हणाल्या, “तू बंद केलंयस. तुझी बायको सांगते मला.”

मी काही बोललो नाही. डोळा नळीवर होता. हात भरून आला होता. घाम पापणीवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. घामाचंच ते असं मी तेव्हा धरून चाललो.

पंधरा मिनिटं झाल्यावर ठरवलं की आता सलाइन लावून रक्त परत देऊन टाकायचं. पिशवी जोडतोय तेवढ्यात जनरेटर धडधडला. मशीन सुरू झालं, दाब बघितला, फिल्टर गोठला नव्हता. शेजारच्या मशीनवरचा गेला. तिथलं रक्त वाया गेलं, आणि तो पेशंट ऊसतोड मजूर, हिमोग्लोबिन आधीच सात. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नव्हती म्हणून असं झालं, असं मला कुणी सांगू नये.

संपताना बाईंनी बर्फ मागितला. मी एक खडा दिला.

“त्याला क्रुसावर निदान स्पंजभर आंब तरी दिली होती. तू बर्फसुद्धा मोजून देतोस.”

चार्टवर लिहिलं, वीस मिली.

मंगळवारी त्या आल्या त्या बोटाला मतदानाची शाई लावूनच. वजन तीन किलो वाढलेलं.

“ईस्टर होता,” मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या. “लिंबूसरबत. दोन ग्लास. लिही. आणि तू गेला होतास का?”

“देवळात नाही गेलो. पहाटे कबरस्तानात गेलो, तिच्याजवळ.”

“प्रार्थना केलीस?”

“भांडलो.”

“बरं,” बाईंनी बाही वर केली. “टोच सुई.”