टोकदार बुडाचं भांडं

भांडं म्हटलं की ते बूड टेकून बसणार, हे आपण धरूनच चालतो. रोमन अँफोरा बसत नाही. दोन कान, अरुंद गळा आणि खाली चक्क टोक. पण ओट्यावर मिरवायला तो घडवलेलाच नव्हता. त्याची जागा जहाजाच्या पोटात. खालच्या थरातल्या अँफोऱ्यांच्या खांद्यांमध्ये खाच राहते, तिच्यात वरच्या थराची टोकं बसतात. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या माद्राग द जियां जहाजात असे तीन थर होते, मधल्या फटींत झुडपांच्या काटक्या आणि लव्हाळे कोंबलेले. त्यातला एकेक वाइनचा अँफोरा रिकामा सुमारे 25 किलो, भरला की 50. एवढं धूड एक हात कानाला आणि दुसरा टोकाला लावूनच वाकवायचं. टोक म्हणजे तिसरा कानच. घरी मात्र वाळूत रोवा, नाहीतर अडणी द्या.

माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. वाइनच्या बाबतीत तोच गुण नडतो: माल झिरपतो, हवा आत शिरते. म्हणून पाइनची राळ वितळवून आतून फिरवायची, भरल्यावर तोंडाला बूच आणि वरून चुन्याचा गिलावा. तेलाला हे चालत नाही. राळ तेलात विरघळते आणि चव बिघडवते. मग तेलाचा अँफोरा कोराच. तेल मातीत मुरतं, खवट होतं, आणि ते भांडं पुन्हा भरायच्या लायकीचं राहत नाही.

स्पेनहून रोमला येणाऱ्या गोल पोटाच्या अँफोऱ्यात सुमारे 70 लिटर तेल मावे. रिकामे झाले की ते फोडून रचत, वास मारायला चुना भुरभुरत. त्यातून 35 मीटर उंचीची टेकडी उभी राहिली: मोंते तेस्ताच्चो. लॅटिनमध्ये ‘टेस्टा’ म्हणजे खापर. खापरांवर शाईने लिहिलेली वजनं आणि व्यापाऱ्यांची नावं आजही वाचता येतात. हिशेबाची वही कुणी इतकी जपली नसती.

आपल्याकडे जरा सांभाळून. पश्चिम भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदवलेली बरीच खापरं पुढे मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो रांजणांची निघाली. टोक त्यांनाही असतं. पण कान नसतात, आणि आतला काळा थर राळेचा नसून डांबराचा, बोटाला जाड लागणारा.