फायरफ्लाय डिंगी, टप्पा तिसरा: वरचा पापुद्रा वाचवताना

फायरफ्लाय ही शिडाची छोटी रेसिंग बोट (डिंगी). तिच्या एका जुन्या लाकडी बोटीची दुरुस्ती चालू आहे, तिची ही नोंद. सद्यस्थिती: जुनं वॉर्निश पूर्ण उतरलं. आतले काळे डाग निघाले. सुटलेले पापुद्रे, म्हणजे बोटीच्या अंगाचे पातळ लाकडी थर, तीन ठिकाणी पुन्हा बसवले. सेंटरबोर्डच्या केसची (बुडातून खाली सोडायची फळी जिच्यात बसते त्या पेटीची) गळती सापडली आहे, पण अजून बंद केलेली नाही. वॉर्निशचे आठ हात आणि डोलकाठी बाकी.

आधी ओळख. बारा फुटी जुनी लाकडी रेसिंग डिंगी दिसली की फायरफ्लायच असेल असं नाही. नॅशनल ट्वेल्व्हही तेवढ्याच लांबीची असते, पण तिच्यातल्या जुन्या बोटी बहुतेक एका फळीवर दुसरी चढवून बांधलेल्या. फायरफ्लायला फळ्याच नाहीत. लांबी ३.६६ मीटर, रुंदी १.४२ मीटर, नुसत्या हलचं (बोटीच्या सांगाड्याचं) वजन ७४ किलो, मोठं शीड आणि जिब (पुढचं छोटं शीड) मिळून साधारण ८.४ चौरस मीटर. आराखडा उफा फॉक्सचा, १९४६ पासून या बोटी इंग्लंडात हँबलला फेअरी मरीनने बांधल्या. १९८२च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात धावलेली एंटरप्राइझ ज्यांनी पाहिली आहे त्यांना फरक लगेच कळेल. एंटरप्राइझ सपाट प्लायवूडच्या तक्त्यांची, त्यामुळे तिच्या बुडाला दोन्ही बाजूंना दोन-दोन कोन असतात. फायरफ्लायच्या अंगावरून काठापासून मधल्या कण्यापर्यंत हात फिरवा, कुठेही कोन लागत नाही.

हा आकार विमानाच्या कारखान्यातून आला. फेअरी ही मुळात विमानं बांधणारी कंपनी. फायरफ्लाय हे नावही तिच्या नौदलासाठीच्या लढाऊ विमानाचं. (१९५०च्या दशकात भारतीय नौदलाकडेही ही विमानं होती, सरावासाठी लक्ष्य ओढून नेणारी.) साच्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरक्या मांडायच्या, गोंद लावून त्यावर उलट्या तिरक्या दिशेने दुसरा थर, मग तिसरा. थर जागेवर राहावेत म्हणून स्टेपल मारायच्या आणि वरचा थर चढवण्याआधी त्या उपसायच्या. शेवटी सगळ्यावर रबरी पिशवी ओढून अख्खा साचा ऑटोक्लेव्हमध्ये ढकलायचा. तिथे वाफेची उष्णता आणि दाब मिळून गोंद पक्का होतो. म्हणजे प्रेशर कुकरच, फक्त आत बोट मावेल एवढा.

१९४८च्या ऑलिंपिकमध्ये इंग्लंडातल्या टॉर्बेला एकट्याने चालवायच्या वर्गासाठी हीच बोट निवडली होती. वीस वर्षांचा डॅनिश पॉल एल्व्हस्ट्रॉम पहिली शर्यत अर्धवट सोडूनही सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्या सलग चार सुवर्णांतलं हे पहिलं.

शिडावरच्या नंबरावर ओळख ठरवू नका, शिडं या बोटीवरून त्या बोटीवर जातात. सेंटरबोर्डची केस, तळातला मधला कणा आणि ट्रान्समची (मागच्या सपाट फळीची) आतली बाजू टॉर्च आडवा धरून तपासा. कोरलेला आकडा वॉर्निशच्या थरांखाली बुजलेला असतो, सरळ उजेडात दिसतच नाही. तो मोजणीच्या प्रमाणपत्राशी जुळला तर ओळख पक्की.

आता मुख्य मुद्दा. या बोटीची खरी संपत्ती म्हणजे बाहेरचा पापुद्रा, आणि तो असतो जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. तो एकदा घासून गेला की परत येत नाही. दुरुस्त केलेली फायरफ्लाय बघायला गेलात तर चकाकीवर भाळू नका. बुडाचा जिथे पोटाकडे वळसा येतो तिथे गुडघे टेकून बसा आणि रेषांची दिशा बघा. तिरक्या रेषा एका बाजूने धावत असताना मध्येच तळहाताएवढ्या ठिगळात उलट्या दिशेने धावायला लागल्या, तर गोल सँडर (फिरत्या चकतीचं घासायचं यंत्र) वरचा थर खाऊन दुसऱ्यात उतरला आहे. वळशाच्या ठिकाणी चकती एकाच बिंदूवर टेकते, म्हणून नेमकं तिथेच भोक पडतं. उलट, वॉर्निशखाली स्टेपलच्या जोडछिद्रांच्या बारीक काळसर रांगा अजून दिसत असतील तर काम हळुवार हाताने झालं आहे. ती छिद्रं पुट्टी भरून बुजवू नयेत. बोटीच्या जन्माच्या खुणा आहेत त्या.

म्हणून इथे बाहेरून वॉर्निश उतरवायला फक्त हातातलं स्क्रॅपर, २५ मिलिमीटर पात्याचं, दर दहा मिनिटांनी कानस मारून. हीट गन आतल्या बाजूला, तीही सतत हलती. एका जागी धरली तर पापुद्र्याखालचा गोंद सुटून फोड येतो. पॉलिशपेपर १२०, १८०, २४० या क्रमाने, लांब लवचीक ठोकळ्यावर, रेषांच्याच दिशेने. ही बोट अगबा लाकडाची आहे (सुरुवातीच्या बोटी बर्चच्या). अगबात राळ असते, कागद पटकन चोंदतो, त्यामुळे कागद नेहमीच्या दीडपट धरा.

काळे डाग लोखंडाचे आणि पाण्याचे. लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, आणि लावायचं ते पूर्ण भागावर. नुसत्या डागावर लावलं तर भोवती फिकट कडं उमटतं. तीन वेळा साध्या पाण्याने धुणं, मधल्या वेळी चिमूटभर खायचा सोडा. वाळल्यावर घासताना मास्क हवाच, ती पूड नाकाघशाला फार वाईट. डाग गेला तरी टोच्याचं टोक टोचून बघा. टोक मऊसर आत गेलं तर तो डाग नव्हता, कूज होती. कूज जास्त करून समुद्राच्या नाही, पावसाच्या पाण्याने लागते. ताडपत्रीखाली नाळ (पुढचं टोक) खाली करून ठेवलेल्या बोटी नाळेतच कुजलेल्या सापडतात.

सुटलेले पापुद्रे हाताच्या बोटांनी ठोकून शोधले. भरीव जागेचा आवाज टणक, सुटलेल्या जागेचा पोकळ. पेन्सिलने हद्द आखली, आतून २ मिलिमीटरची भोकं २५ मिलिमीटर अंतरावर पाडली. ओलावा मीटरवर १२ टक्क्यांपर्यंत येईस्तोवर थांबलो, कारण ओल्या लाकडाला इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) धरत नाही. मग पाच भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर, किंचित कोमट करून सिरिंजने, शेजारच्या भोकातून बाहेर डोकावेपर्यंत. वर पॉलिथीन, त्यावर वाकणारी पट्टी, मग क्लॅम्प. क्लॅम्प कचकचून आवळू नका, सगळं रेझिन पिळून निघतं आणि सांधा कोरडा राहतो.

काठाच्या पट्टीचे पितळी स्क्रू आतून गुलाबी झाले होते. पितळातलं जस्त निघून गेलं की उरतं ते सच्छिद्र तांबं, पेचकस लावताच डोकं तुटतं. तुटलेल्यांभोवती पोकळ नळीच्या कटरने लाकूड कापून ते काढले, भोकात त्याच दिशेच्या रेषांची खुंटी बसवली. नवे स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे. स्टेनलेस नको, ओल्या लाकडात हवा न मिळाल्याने तेही आतून खातं.

केसची गळती शोधायची रीत सोपी. बोट लाकडी घोड्यांवर ठेवा, खालची फट टेपने बंद करा, केसमध्ये वरून पाणी भरा आणि आतल्या सांध्यावर खडूची पूड लावून ठेवा. इथे मागच्या कोपऱ्यात वीस मिनिटांत ओली रेघ आली. वरून सीलंट फासणं हा उपाय नाही. पाणी सांध्याच्या आत राहतं आणि कणा कुजवतं. केस उचकटूनच बसवावी लागणार.

पुढचं काम: वॉर्निशचा पहिला हात निम्मा थिनर घालून, दुसरा पाव, मग जवळपास शुद्ध. दोन हातांमध्ये ३२० चा कागद. दुपारी तीननंतर ब्रश उचलायचा नाही, दव पडलं की वॉर्निश दुधाळ होतं. रेनॉल्ड्स कंपनीच्या डोलकाठीचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, वरचा लाकडी. जोडाच्या ठिकाणी पांढरी पूड साचली आहे, म्हणून तो जोड उघडणार. जुनं सुती शीड गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवलं आहे, ते फक्त दाखवण्यापुरतं चढेल.

वजन शेवटच्या हातानंतर दोन आठवड्यांनी करू, तोवर थिनर उडून जाईल. इपॉक्सीनेही वजन वाढतं, म्हणून ते किती घातलं ते मोजून लिहिलं आहे: आजवर ६४० ग्रॅम, त्यातलं निम्मं तरी पुसून गेलं.