वासराचं रक्त, गाईचा चीक आणि ६.२ चा घोळ

एम.व्ही.एस्सी.चा (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) विषय ठरवायची वेळ आली तेव्हा गाईड सर एवढंच म्हणाले, "विषाणूजन्य हगवण लागलेल्या नवजात वासरांच्या रक्तातली प्रथिनं बघ. वरवर सोपं आहे, पण आत गंमत आहे." नमुने घ्यायचे, यंत्रात घालायचे, तक्ते करायचे, एवढंच मला तेव्हा दिसत होतं. प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, मालकांच्या संमतीचे मराठी फॉर्म वगैरे कागदांवर लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांना करायचंय त्यांना कळेलच.

आधी मूळ भानगड सांगते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, मिळतात. गाईच्या जाराची घडण निराळी. तिथून प्रतिपिंडांचे मोठे रेणू वासरात उतरतच नाहीत. म्हणजे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं ज्यात मोडतात तो प्रथिनांचा गट, जवळपास नसतंच. जे मिळायचं ते चिकातून, म्हणजे गाय व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून, आणि तेही पहिल्या काही तासांत, कारण हे रेणू न पचवता अख्खेच्या अख्खे रक्तात घ्यायची आतड्याची सोय जेमतेम पहिला दिवस टिकते. सहा तासांनंतर शोषण घटायला लागतं आणि चोवीस तासांच्या आसपास संपतं. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनी अमेरिकेत १९२२ साली हे दाखवून दिलं होतं. चीक न मिळालेली त्यांची बहुतेक वासरं थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने गेली. त्याला शंभर वर्षं उलटली, आणि आपल्याकडे अजून "जार पडू दे, मग चीक काढू" चालूच आहे. जार पडायला सहा-आठ तास सहज जातात. कधी बाराही.

आमचं कॉलेज शिरवळला, त्यामुळे खंडाळा, लोणंद, फलटण हा पट्टा हाताशी. संकरित होल्स्टिन गाईंचे गोठे गावोगाव. पावसाळा लागला तसं ओळखीच्या डॉक्टरांना आणि दूध संकलन केंद्रांवर सांगून ठेवलं की तीन आठवड्यांच्या आतलं वासरू पातळ हगत असेल तर मला फोन करा. फोन यायचे, पण निम्मे उशिरा. "मॅडम, परवापासनं हगतंय, आज सकाळपासनं उठंना झालंय." मग मी, ज्युनियर आणि बर्फाचा डबा, एका गाडीवर.

रक्त काढणं हा भाग पुस्तकात चार ओळींचा आहे. प्रत्यक्षात वासरू आडवं पडलेलं, अंगाला पिवळट पांढरी हगवण चिकटलेली, शेपटीखालची कातडी सोललेली. मानेवरचे केस कापून, स्पिरिट लावून अंगठ्याने शीर दाबायची आणि ती फुगायची वाट बघायची. पाणी आटलेल्या वासराची शीर फुगतच नाही. डोळा खोबणीत इतका आत गेलेला असतो की पापणी आणि बुबुळाच्या मधे फट दिसते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहते. तोंडात बोट घातलं तर आतून गार लागतं आणि वासरू चोखत नाही. हे न चोखणं मला सगळ्यात वाईट वाटायचं. एका गोठ्यावरच्या आजी रोज मला बघून म्हणायच्या, "एवढंसं जनावर, त्यातलं रगत काढून कुठं नेतीस गं बाई?" त्यांना सांगितलं, चमचाभरच नेते, आणि बदल्यात सलाईन मी लावते. मग त्याच वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसायला लागल्या.

दोन नळ्या भरायच्या. जांभळ्या टोपणाची हिमॅटोक्रिटसाठी (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण), लाल टोपणाची सीरमसाठी (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी). लाल नळी तिरकी ठेवून गोठू द्यायची, हलवायची नाही. आता खंडाळ्याच्या आतल्या रस्त्यांवर दुचाकीवर नळी न हलवणं म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना विचारा. नळी हिंदकळली की तांबड्या पेशी फुटतात, सीरम गुलाबी उतरतं, त्यातलं हिमोग्लोबिनही प्रथिन म्हणूनच मोजलं जातं आणि आकडा फुगतो. शेवटी आम्ही गोठ्यावरच चहा पीत रक्त गोठेपर्यंत बसायला लागलो. चहा फार झाला.

हगवण विषाणूचीच आहे हे सिद्ध करणं वेगळं काम. पहिल्या तीन-चार दिवसांत लागलेली असेल तर बहुतेक वेळा ई. कोलाय जंतू असतो. त्यानंतर रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी यांचा काळ, आणि ही मंडळी एकत्रही येतात. क्रिप्टोसाठी शेणाची स्लाइड रंगवून लाल ठिपके शोधायचे आणि ती वासरं बाजूला काढायची. रोटासाठी शेणातून विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) काढून जेलवर, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या चिकट थरावर, चालवायचा. रोटाच्या आरएनएचे अकरा तुकडे असतात. जेलला चांदीचा रंग दिला की आधी काहीच दिसत नाही, मग पिवळसर पार्श्वभूमीवर तपकिरी रेघा उमटतात, वरून चार, मग दोन, मग एकमेकींना चिकटून तीन, खाली दोन. पहिल्यांदा त्या नीट उमटल्या तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या मामांना ओढत आणून दाखवल्या. ते म्हणाले, "बरं." (त्यांनी अशा किती पाहिल्या असतील!)

हा विषाणू वासरांत आधी सापडला, १९६९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात, आणि मग १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप यांच्या गटाला आजारी मुलांच्या आतड्यात. आपल्याकडे बाळांना देतात ती पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी रोटासील ही लस गाईच्या आणि माणसाच्या रोटा विषाणूंची जनुकं एकत्र करून केलेली आहे. गोठ्यावर हे सांगितलं की लोक माझं ऐकायला लागायचे. आपल्या नातवाच्या लशीत गाईचा वाटा आहे म्हटल्यावर शेणाचा नमुना मागायला संकोच राहत नाही.

आता रक्तातल्या प्रथिनांकडे येते. एकूण प्रथिनं बाययुरेट पद्धतीने मोजायची, नमुना जांभळा होतो. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक मुख्य प्रथिन, दुसऱ्या रंगद्रव्याने, तो हिरवा होतो. वजाबाकी केली की ग्लोब्युलिन. चीक न प्यायलेल्या वासराची एकूण प्रथिनं साधारण ४ ते ४.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असतात. चीक पोटात गेला की दुसऱ्या दिवशी ती ५.५ च्या वर, चांगलं पाजलं असेल तर ६ च्याही वर जातात. ५.१ च्या खाली असेल तर प्रतिपिंडं पोहोचली नाहीत असं धरतात. इतकं सरळ.

मग ६.२ वालं वासरू आलं. आठ-नऊ दिवसांची कालवड, जेलवर रोटा स्पष्ट, आणि एकूण प्रथिनं ६.२. या आकड्यावर कोणीही म्हणेल, चीक उत्तम मिळालाय. मालकाने फोनवर आकडा ऐकला आणि लगेच, "बघा, मी म्हणलो नव्हतो, दोन बाटल्या पाजल्यात म्हणून!" पण जांभळ्या नळीतल्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ४५ टक्के निघालं होतं. त्या वयाच्या वासराला हे जास्त आहे. शरीरातलं पाणी हगवणीतून गेलं, रक्त दाट झालं, आणि जेवढी प्रथिनं होती तेवढीच कमी पाण्यात मोजली गेली. सलाईन आणि तोंडाने क्षारांचं पाणी देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घेतला: पेशी ३९, प्रथिनं ४.९. खरा आकडा हा. कालवडीला चीक मिळालाच नव्हता म्हटलं तरी चालेल, किंवा मिळाला तो उशिरा.

सर ज्याला गंमत म्हणत होते ती ही होती. आजारी वासराचं एकूण प्रथिन एकट्याने कधी वाचायचं नाही. त्यात दोन उलट्या ओढी चालू असतात. पाणी कमी झाल्याने आकडा वर जातो, आणि विषाणूने आतड्याच्या लोमांची (आतल्या बारीक बोटांसारख्या उंचवट्यांची) टोकं खरवडली की तिथून अल्ब्युमिन झिरपून जातं, वासरू धड पीतही नसतं, त्यामुळे आकडा खाली येतो. दोन्ही मिळून अगदी निरोगी दिसणारा आकडा येऊ शकतो आणि वासरू संध्याकाळी मरू शकतं.

म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस. सीरमचा थेंब पट्टीवर ठेवून वीज सोडली की प्रथिनं आपापल्या वेगाने पळतात. अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे, मग ग्लोब्युलिनचे आल्फा, बीटा, आणि सगळ्यात मागे गॅमा. पट्टी रंगवून स्कॅन केली की आलेख मिळतो. चीक नीट प्यायलेल्या निरोगी वासराच्या आलेखात शेवटी गॅमाचा रुंद उंचवटा असतो. त्या कालवडीच्या आलेखात पाचगणीच्या पठारासारखं सपाट. आल्फाचा भाग मात्र वर आलेला, कारण आतड्याला सूज आली की यकृत हॅप्टोग्लोबिनसारखी प्रथिनं जास्त करतं आणि ती आल्फातच दिसतात. एकूण प्रथिनाच्या एका आकड्यात हे सगळं दडपून जातं.

गॅमा चांगलं असलेल्या वासरांनाही रोटा झाला, हेही सांगायला हवं. रक्तातली प्रतिपिंडं विषाणूला आतड्यात शिरण्यापासून पूर्ण अडवत नाहीत. पण अशी वासरं उठून उभी राहायची, चोखायची, दोन-तीन दिवसांत शेण घट्ट व्हायचं. आतड्याच्या आतच प्रतिपिंडं राहावीत म्हणून पहिल्या दिवसानंतरही चिकाचं दूध थोडं थोडं चालू ठेवण्यात अर्थ असतो, रक्तात शोषलं जात नसलं तरी. आणि इथे माझी गाठ पडायची खरवसाशी. पहिल्या दोन दिवसांचा चीक शेजारीपाजारी, पाहुण्यांकडे, डेअरीच्या साहेबांकडे जायचा. मला खरवस आवडतो, वेलची-जायफळ घातलेला तर फारच. पण वासराचं पोट भरल्यावर.

गोऱ्ह्यांची गोष्ट वेगळीच. संकरित गोऱ्ह्याला शेतीकामात कोणी घेत नाही, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर विकायचीही वाट नाही, मग त्याच्यासाठी चार लिटर चीक कोण काढून ठेवणार? माझ्या तक्त्यात गोऱ्ह्यांचं गॅमा खालीच राहिलं. नमुने थोडे होते म्हणून प्रबंधात मी त्यावर ठाम काही लिहिलं नाही. इथे लिहिते. शिवाय तोच आजारी गोऱ्हा कालवडीच्या शेजारी बांधलेला असतो आणि शेणातून विषाणू सोडत असतो.

उपचारावरून वाद ठरलेला. "मॅडम, इंजेक्शन मारा, पाणी काय पाजताय?" विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे सांगणं सोपं, पटवणं अवघड. वासरू मरतं ते पाणी आणि क्षार गेल्याने, रक्त आम्लधर्मी झाल्याने. मी डोळ्याची फट आणि कातडीची चिमटी मालकालाच करून बघायला लावायचे, सलाईननंतर पुन्हा. स्वतः बघितलं की पटायचं. दूध बंद करू नका, हे मात्र अनेकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तक्ता बघून पहिलाच प्रश्न विचारला, आजारी गटाची एकूण प्रथिनं निरोगी गटापेक्षा फारशी कमी का नाहीत? मी ६.२ ची कालवड सांगितली. पुढचे प्रश्न सांख्यिकीवर गेले, तिथे मला घाम फुटला, पण निभावलं.

आता ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांच्यासाठी कामाचं. इलेक्ट्रोफोरेसिस लागत नाही. दिवाळीत मामांकडे तासगावला गेले होते, त्यांची द्राक्षबाग आणि पाच-सहा गाई. गाय नुकतीच व्यालेली. मी म्हटलं, "मामा, तुमचं ते ब्रिक्समीटर द्या जरा." द्राक्षाची गोडी मोजायचा, काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरायचा तोच. चिकाचा थेंब टाकला, रेघ १७ वर. २२ च्या वर असेल तर चीक ताकदीचा मानतात. पहिलारू गाय होती. दुसऱ्या जुन्या गाईचा आदल्या आठवड्यातला चीक मामींनी खरवसासाठी फ्रीजरमध्ये ठेवला होता, त्याचा थेंब २५. तो कोमट पाण्यात ठेवून वितळवला. थेट गॅसवर ठेवायचा नाही, प्रतिपिंडं नासतात. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे साडेतीन लिटर, पहिल्या दोन तासांत पाजला. वासरू निरोगी असतानाच, दुसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत कधीही रक्त काढून सीरमचा थेंब त्याच मीटरवर टाकता येतो. डॉक्टरांकडून काढून घ्या. ८.४ च्या वर असेल तर पोहोचलं. हगवण लागल्यावर मोजू नका. तिसऱ्या दिवशी मामांचा आकडा ९.१ आला, आणि मामींनी विचारलं, मग आता खरवसाचं काय.